नऊ मुलांचा वर्ग

*ताई, बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका कॉलेजात मी मराठी साहित्य शिकवतो. वय 55. येत्या सोमवारी नवं सत्र सुरू होतंय. सुट्टीत जुनी टिपणं बाजूला ठेवली, सगळं नव्यानं वाचलं. पहाटे जाग येते ती वर्गाच्या विचारानंच. पण यंदा मराठीला प्रवेश फक्त 9. बंगळूरला असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, नऊ पोरांसाठी एवढं?" स्टाफरूममध्येही तोच सूर. आता मला माझ्या आनंदाचीच लाज वाटायला लागलीय. शिवाय मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षी एकानं भातशेतीवरच्या निबंधात 'नट्टी' असं लिहिलं होतं. मी लाल शाईनं खोडून 'लावणी' केलं. तेव्हापासून तो दोन ओळींच्या पुढं लिहीत नाही. यंदाही तो माझ्या वर्गात आहे. काय करू?*

सर,

पत्रात तुम्ही त्या मुलाची गोष्ट शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं, पहाटे तुम्हाला उठवतो तो तोच. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी त्याला गाठा. "तुझा शब्द मी खोडला, ते चुकलं माझं," एवढंच म्हणा. समजावत बसू नका, चारचौघांत तर नकोच. त्याच्या घरी, बांधावर, चिखलात उभं राहून सगळे जे म्हणतात तेच त्यानं लिहिलं होतं. प्रमाण मराठीत लावणी म्हणतात, हे त्याला कळायला हवं, परीक्षेत ते लागेलच. पण ते 'नट्टी'च्या शेजारी लिहून सांगता येतं. शब्द खोडला की पोराला वाटतं, आपलं घरच खोडलं.

आपल्या भागातली मुलं गप्प असतात ती बहुतेक याच भीतीनं. कन्नडच्या तासाला त्यांची कन्नड मराठी वळणाची ठरते, आणि पुण्याला गेलं की त्यांच्या मराठीला हसतात. निदान तुमच्या वर्गात तरी त्यांना जपून बोलावं लागू नये.

त्यासाठी पहिल्याच तासाला त्यांना श्रवणबेळगोळला घेऊन जा, मनानंच. गोमटेश्वराच्या पायाशी, चामुंडराय या गंग राजांच्या सेनापतीनं मूर्ती करवली असं कोरलेलं आहे, कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीतही. मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी तो एक, आणि तो आहे कर्नाटकात. तो फळ्यावर लिहा आणि कन्नड ओळ मुलांकडून वाचून घ्या. ती त्यांना तुमच्यापेक्षा चांगली वाचता येईल. त्या दिवशी दोन भाषा येणं ही त्यांची अडचण राहणार नाही. मग ज्ञानदेवांनी विठ्ठलाला 'कानडा' का म्हटलं असेल, ते विचारा. आणि रोजच्या ताटातलं तूप कन्नडच्या 'तुप्प'शी नातं सांगतं, तेही.

नंतर प्रकाश नारायण संतांचा लंपन काढा, त्यांच्या कथांमधला तो शाळकरी मुलगा. संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, पण 'वनवास'मध्ये त्यांनी लहानपणीचं बेळगाव आणि तिथली बोली आणली. पुस्तक आलं 1994 साली. ते मोठ्यानं वाचा, आणि तुम्ही न वाचता मुलांना वाचू द्या. ती भाषा त्यांच्या तोंडात तुमच्यापेक्षा सहज बसेल. इंदिरा संतांच्या कविता त्यानंतर घ्या. त्यांचं बरंचसं आयुष्य बेळगावात गेलं, शिक्षक घडवण्यात. हे ऐकून एखादी मुलगी मान वर करून बघेल.

एक मात्र कळकळीनं सांगते, मराठी टिकवायचं ओझं या नऊ जणांच्या डोक्यावर ठेवू नका. 1956 मध्ये आपला भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासूनची हकिकत त्यांनी आजोबांकडून ऐकलीय. मोर्चे पाहिलेत, बोर्डांवरचे वाद पाहिलेत. नोकरीसाठी कन्नड लागतं हे त्यांना कुणी सांगायला नको. तरी त्यांनी मराठी घेतली, आणि त्यासाठी प्रत्येकाला घरी कुणाला ना कुणाला उत्तर द्यावं लागलं असेल. ते उत्तर काय होतं, तेवढं विचारा. ते ऐकताना तुम्हाला 90 मुलांचा वर्ग आठवणारही नाही. तिथं तर हजेरी घेता घेताच निम्मा तास जातो.

लाजेचं म्हणाल, तर ती सोडून द्या. 55व्या वर्षी पुस्तकासाठी पहाटे उठावंसं वाटणं ही भाग्याची गोष्ट आहे. मुलाला समजवायला जाऊ नका. रविवारी फोनवर त्याला लंपनची दोन पानं वाचून दाखवा. तोही याच मातीत वाढलाय, बंगळुरात त्याच्याशी असं कोण बोलतं?

आणि पहिल्या आठवड्यात चारच मुलं आली तर घाबरू नका. पाऊस लागलाय, शिवारात नट्टी चाललीय. ती उरकली की बाकीची येतील.

तुमची,
ताई