बुद्ध्यांक १९० असलेले मूल

"दुसरीतल्या मुलाला थेट पाचवीत बसवावे, असे शाळेला लिहून द्या," अशी मागणी घेऊन एक दांपत्य माझ्याकडे आले होते. मोबाइलवरच्या एका चाचणीत मुलाचा बुद्ध्यांक १९० आला होता, आणि तेव्हापासून आपल्या हातून त्याचे नुकसान होत असल्याच्या काळजीने आईची झोप उडाली होती. ही काळजी खरी असते. ती ज्या आकड्यावर उभी असते, तो मात्र बहुधा टिकत नाही.

वडील अभियंते, म्हणून मी गणितच मांडले. आजच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, १५ धरतात. त्या हिशेबाने १३० च्या वर साधारण ४४ जणांत एक असतो, १४५ च्या वर सुमारे ७४० जणांत एक, १६० च्या वर तीस हजारांहून अधिक जणांत एक, आणि १९० च्या वर जवळजवळ शंभर कोटींत एक. म्हणजे साऱ्या जगात, सर्व वयांची मिळून, आठ माणसे. मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्ध्यांक चाचणीची अमेरिकी मानके, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात ते आकडे, २,२०० मुलांवरून ठरवली आहेत. एवढ्या मुलांत १६० ओलांडणारे एकही मूल न सापडण्याचीच शक्यता जास्त, मग १९० ची खूण कोणाकडे पाहून करायची?

"पण माझ्या भावाला लहानपणी कामत चाचणीत १७० मिळाले होते," आई म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या चाचणीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केलेल्या चाचणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाची कामे करणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला १८० मिळतात. हा आकडा वयाच्या पुढे असल्याचे सांगतो; वर मांडलेली दुर्मीळता त्याला लागू होत नाही. गिनेसने सर्वाधिक बुद्ध्यांकाचा विक्रमच १९९० मध्ये बंद केला, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

रीतसर चाचणीत मुलाचा बुद्ध्यांक १२८ आला. मोजमापात थोडी चूक राहतेच, म्हणून अहवालात मी तो १२२ ते १३३ या पट्ट्यात लिहिला. वडिलांचा चेहरा उतरला, पण पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटत होता: मुलाचे वाचन आणि शब्दसंग्रह वयाच्या बरेच पुढे होते, तर लिहिण्याचा वेग वर्गातल्या इतर मुलांएवढाच होता, आणि पाचवीतले लांबलचक लेखन त्याला पेलले नसते. शाळेने त्याला दुसरीतच ठेवून मोठ्या मुलांच्या वाचनतासाला बसू देण्याचे मान्य केले.