फेरेट चावतो, गालिचा उकरतो? आधी हे करून बघा

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी. त्याचं पिल्लू चावतं ते बहुतेक खेळात. फेरेटची कातडी जाड, त्यामुळे भावंडांत असे चावे चालून जातात. आपला हात नाजूक हे त्याला शिकवावं लागतं. चावल्यावर हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटतो. मारू तर अजिबात नका, भीतीने जास्त चावेल. शांतपणे खाली ठेवा, दोन-तीन मिनिटं एकटं सोडा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, नाहीतर महिने जातील. शांत स्वभावाचा मोठा फेरेट अचानक चावू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. कुठेतरी दुखत असेल.

उकरणं सुटणार नाही, ती जातच बिळात शिरणारी. बहुतेकदा बंद दारापाशीच उकरतात, तिथे जाड प्लॅस्टिकची चटई टाका. उकरायला मातीचा खोका द्या (पसारा होणारच!). गालिच्याचे धागे गिळत नाही ना, एवढं बघा, आतडं अडकतं.