वाचकांचे प्रश्न : औषधाच्या काउंटरमागे पुढची पायरी कशी गाठावी?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. अजून माल लावणे आणि बिल करणे एवढेच काम मिळते. औषध काढायचे काम कधी आणि कसे मागावे?

माल लावण्याचे काम कमी समजू नका. प्रत्येक खोका रॅकवर ठेवताना मूळ औषधाचे नाव, पॉवर (किती मिलिग्रॅमचे) आणि स्वरूप (गोळी, कॅप्सूल की सिरप) या तीन गोष्टी वाचायची सवय लावा. नुसती ब्रँडची नावे पाठ असलेला माणूस ब्रँड बदलला की अडतो. मूळ नाव माहीत असलेला अडत नाही. आठवड्याला एकच गट घ्या : आधी रक्तदाबाची औषधे, मग मधुमेहाची, मग प्रतिजैविके. प्रत्येक औषधाबद्दल ते कशासाठी, नेहमीची पॉवर कोणती, जेवणाआधी की नंतर आणि एक महत्त्वाचा धोका, एवढे वहीत लिहा.

मग फार्मासिस्टकडे जाऊन ‘मला काम द्या’ म्हणण्यापेक्षा ‘मी काढते, तुम्ही तपासा’ असे म्हणा. रुग्णाच्या हातात जाण्याआधी प्रत्येक औषध त्यांच्या नजरेखालून जाणार असेल, तर हो म्हणणे त्यांना सोपे जाते.

प्रश्न : माझ्या हातून पॉवरची अदलाबदल होते. 5 ऐवजी 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा पत्ता काढला जातो. लक्ष देऊनही होते. काय करावे?

‘जास्त लक्ष दे’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. अशा चुका बहुतेक वेळा कामाच्या पद्धतीतून आणि जागेच्या मांडणीतून येतात.

पहिले कारण म्हणजे औषध कशावरून काढता. संगणकातून आलेल्या लेबलवरून काढत असाल, तर लेबल करताना झालेली चूक औषध काढतानाही तशीच पुढे जाते आणि लेबल व पत्ता जुळल्यामुळे सगळे बरोबर वाटते. औषध नेहमी डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीवरून काढा. लेबल लावून झाल्यावर पुन्हा चिठ्ठीकडे जा आणि क्रमाने पाहा : रुग्णाचे नाव, औषध, पॉवर, स्वरूप, संख्या, एक्सपायरी. मध्ये कोणी बोलावले, फोन आला, तर जिथे थांबलात तिथून पुढे जाऊ नका. पहिल्यापासून सुरू करा. अर्धवट तपासणीची जागा मेंदू ‘बघितलं होतं’ अशा समजुतीने भरून काढतो.

दुसरे कारण रॅक. एकाच कंपनीची 5 आणि 10 मिलिग्रॅमची खोकी एकाच रंगाची असतात आणि शेजारी बसतात. त्यांच्यामध्ये दुसरे औषध किंवा ठळक पट्टी ठेवा. सारख्या नावांचेही तसेच. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रेडनिसोलोन, अ‍ॅटेनोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन, क्लोबाझॅम आणि क्लोनाझेपॅम या जोड्या जगभर चुकीसाठी ओळखल्या जातात. नावाच्या आद्याक्षराने लावलेल्या रॅकवर त्या हमखास जवळ येतात.

तिसरे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : परत ठेवलेला अर्धा पत्ता. घाईत तो चुकीच्या खोक्यात जातो आणि दोन दिवसांनी दुसराच कोणीतरी खोक्यावरचे नाव वाचून तो रुग्णाला देतो. म्हणून खोक्यावर विसंबू नका. हातातल्या पत्त्यावरचे नाव, बॅच आणि तारीख वाचा. पत्ता कापताना नाव आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत शिल्लक ठेवा.

स्वरूपही तितकेच जपा. एसआर, एक्सआर, एमआर ही अक्षरे हळूहळू सुटणाऱ्या गोळीची आहेत. ती नजरेतून सुटली तर नाव आणि पॉवर बरोबर असूनही औषध चुकते. दशांश चिन्हही तसेच. 5.0 घाईत 50 वाचले जाते आणि .5 चे 5 होते, म्हणून स्वतः लिहिताना 5 आणि 0.5 असेच लिहा. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी तयार करणारा भाग) दबते आणि जीव जाऊ शकतो. त्याच्या लेबलवर आठवड्याचा वार लिहिलेलाच असावा.

काउंटरवरच पकडलेली प्रत्येक चूक नोंदवा : वेळ, काय हवे होते, काय काढले, कुठे पकडले, कारण काय. महिनाभराच्या नोंदींत एखादी वेळ किंवा एखादा ड्रॉवर वारंवार दिसू लागेल. ही नोंद शिक्षेसाठी वापरली गेली तर लोक लिहिणे थांबवतात आणि चुका मात्र चालूच राहतात. मालकांनी हे मनावर घ्यायला हवे.

प्रश्न : हिशोब कच्चा आहे. परीक्षेत आणि कामात नेमके काय लागते?

त्रैराशिक पक्के हवे, बाकी फार नाही. 12 किलोच्या मुलाला किलोमागे 15 मिलिग्रॅमप्रमाणे पॅरासिटामॉल म्हणजे एका वेळी 180 मिलिग्रॅम. 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर 7.5 मिली. 5 मिलीत 250 असेल तर 3.6 मिली. दुसऱ्या बाटलीतून 7.5 मिली दिले, तर डोस दुपटीहून जास्त होतो. त्यामुळे सिरपची पॉवर वाचल्याशिवाय मिलीचा आकडा बोलू नका.

संख्येचे हिशोबही करा. 5 मिली, दिवसातून तीनदा, 7 दिवस म्हणजे 105 मिली. 100 मिलीची बाटली एका डोसने कमी पडते. प्रेडनिसोलोन 40, 30, 20, 10 मिलिग्रॅम, प्रत्येकी 5 दिवस, 5 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत : रोज 8, 6, 4, 2, एकूण 100 गोळ्या. असे रोज पाच हिशोब कागदावर केले की हात बसतो.

पावडरचे सस्पेन्शन बनवताना आधी बाटली थोपटून पावडर मोकळी करा. अर्ध्याहून थोडे जास्त पाणी घालून जोरात हलवा, मग उरलेले पाणी घालून पुन्हा हलवा. सगळे पाणी एकदम ओतले तर तळाशी गोळा बसतो. पावडर भिजण्याआधीच खुणेपर्यंत भरून सोडले तर पातळी खाली जाते आणि औषध जास्त तीव्र राहते. पाण्याचे प्रमाण आणि तयार औषध किती दिवस चालते, हे त्या बाटलीच्या माहितीपत्रकावरूनच घ्या.

प्रश्न : अनुभवावर फार्मासिस्ट होता येते का?

नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी लागते. कामाचा अनुभव कितीही असला तरी तो पदविकेची जागा घेत नाही. तेव्हा तिशीआधी शिकणे शक्य असेल, तर पुढे ढकलू नका. आमचे तरी मत असे की नोकरी सांभाळून प्रवेश घेणाऱ्यांना अभ्यास सोपा जातो, कारण पुस्तकातले औषध त्यांनी रोज हाताळलेले असते. काही देशांत फार्मसी टेक्निशियन हा स्वतंत्र, नोंदणीकृत व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये ही नोंदणी 2011 पासून सक्तीची आहे.

प्रश्न : आठ वर्षे औषधे काढतो आहे. पदवी घेणे आता जमणार नाही. मग वर जायला काय उरते?

बरेच काही. पहिली वाट तपासनिसाची. फार्मासिस्टने औषध रुग्णाला योग्य आहे हे पाहिल्यावर, काढलेले औषध चिठ्ठीशी जुळते का, एवढे पाहणारा वेगळा प्रशिक्षित माणूस अनेक ठिकाणी असतो. कायदा आणि मालक परवानगी देत असतील, तर तपासलेल्या औषधांची सलग नोंदवही ठेवायला आजच सुरुवात करा. पकडलेल्या आणि निसटलेल्या, दोन्ही चुका त्यात हव्यात. स्वतः काढलेले औषध स्वतः तपासू नये, हा नियम मोडू नका. आपणच केलेली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी वाट साठ्याची. आधी संपणारा माल आधी बाहेर, परत पाठवायच्या मालाची मुदत, शीतपेटीतले तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस, दिवसातून दोनदा कमाल-किमान नोंद. इन्सुलिन गोठले तर ते फेकावेच लागते, वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसले तरी. म्हणून ते बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. हे चोख सांभाळणाऱ्याकडे खरेदीची जबाबदारी लवकर येते.

रुग्णालयात वॉर्डचा साठा, निर्जंतुक मिश्रणे आणि कर्करोगाची औषधे तयार करणे हे वेगळे प्रशिक्षण मागणारे विभाग आहेत. तिथे हात धुण्यापासून गाऊन चढवण्यापर्यंतची प्रत्येक पायरी परीक्षेने सिद्ध करावी लागते, आणि ती परीक्षा ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते.

प्रश्न : रुग्ण मलाच सल्ला विचारतात. कुठे थांबायचे?

कसे घ्यायचे, कुठे ठेवायचे, किती दिवस, एवढे लेबलनुसार सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या. गरोदर किंवा स्तनपान करणारी स्त्री, लहान बाळ, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारे औषध, ‘हे बंद करू का’ असा प्रश्न, किंवा ‘या गोळ्या नेहमीच्यासारख्या दिसत नाहीत’ असे वाक्य : यांपैकी काहीही आले की पिशवी हातात न देता फार्मासिस्टला बोलवा. शेवटच्या वाक्याला तर कधीच ‘कंपनी बदलली असेल’ असे उत्तर देऊ नका. आधी पत्ता चिठ्ठीशी ताडून पाहा.