जुन्या सीड्या आणि विंडोज ११: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी रिटायर्ड शिक्षिका, लालबागला राहते. संध्याकाळी चाळीतली पोरं गोळा करून शिकवते. २००० सालच्या आसपास घेतलेल्या गणित-इंग्लिशच्या सीड्या माझ्याकडे आहेत, त्यातला पाढ्यांचा गेम पोरांचा फार आवडता. जुना कॉम्प्युटर यंदाच्या पावसाळ्यात गेला. भाच्याने विंडोज ११ चा लॅपटॉप दिलाय, बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्हही घेतला, पण सेटअपवर क्लिक केलं की हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही असा मेसेज येतो. भाचा म्हणतो व्हर्च्युअल मशीन टाक. ते काय असतं आणि मला जमेल का?

उत्तर: ताई, जमेल. पण भाच्याला जरा थांबायला सांगा, आधी सीड्यांची कॉपी करून घ्या. मुंबईच्या दमट हवेत सीडीवर बुरशी येते, आणि वरचा चंदेरी थर एकदा निघायला लागला की मग कुठलंच मशीन ती सीडी वाचत नाही. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, आणि इम्गबर्नसारख्या फुकट सॉफ्टवेअरने प्रत्येक सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये, करून पेनड्राइव्हवर ठेवायची. सीडीत गाण्यांचे वेगळे ऑडिओ ट्रॅक असतील तर आयएसओत ते येत नाहीत, तिथे बिन-क्यू प्रकारची कॉपी घ्या. आणि हो, यात चोरी-बिरी काही नाही, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप कॉपी करायची मुभा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ती कॉपी शेजारच्या क्लासला वाटायची मुभा मात्र नाही, बाजारात सीडी मिळत नाही म्हणून ती फुकट झाली असं होत नाही.

आता तो मेसेज. त्या काळातले बरेच प्रोग्राम १६ बिटचे, म्हणजे फार जुन्या विंडोजच्या रचनेचे, असायचे. ६४ बिट विंडोजमध्ये ते चालवायची सोयच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीत कितीही टिक मारल्या तरी फरक पडत नाही. गंमत अशी की पुष्कळ सीड्यांमध्ये आतला प्रोग्राम ३२ बिटचा असतो, फक्त त्याचा सेटअप १६ बिटचा. म्हणून आधी सीडी उघडून आतले फोल्डर बघा, गेमची स्वतःची ईएक्सई फाइल (प्रोग्राम सुरू करणारी) दिसली तर सगळा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून ती थेट चालवून बघा. कधी कधी एवढ्यावरच काम होतं आणि व्हर्च्युअल मशीनचं नावही काढावं लागत नाही.

नाहीच झालं तर मग व्हर्च्युअल मशीन. म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर, एका खिडकीत उघडतो, त्याची विंडोज वेगळी, त्याची सी ड्राइव्ह वेगळी, तिथे काही बिघडलं तरी बाहेरच्या लॅपटॉपला काही होत नाही. ऑरेकलचं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, ते घ्या. आत टाकायला विंडोज एक्सपी या जुन्या विंडोजची सीडी आणि तिचा प्रॉडक्ट की नंबर लागेल. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर त्या नंबरचा स्टिकर असेल, पण कॉम्प्युटरसोबत आलेल्या एक्सपीचं लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं, त्यामुळे वेगळी घेतलेली एक्सपीची सीडी कुणाच्या कपाटात पडली असेल तर ती बरी.

सेटिंग भाच्याकडून करून घ्या. रॅम ५१२ एमबी भरपूर झाली, उगाच चार जीबी देऊ नका. हार्ड डिस्क १० जीबी, आणि ती आयडीई या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर लावायची, साटा या नव्या जोडणीवर लावली तर एक्सपीला ती दिसत नाही आणि इन्स्टॉल करताना निळी स्क्रीन येते, इथेच बहुतेक लोक अडकतात. एक्सपी आली की व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर गेस्ट अ‍ॅडिशन्स टाका म्हणजे माउस आणि स्क्रीन नीट वागतील. मग सीडी ड्राइव्हच्या जागी ती आयएसओ फाइल लावायची, झालं. गेम २५६ रंग मागत असेल तर एक्सपीतच शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये २५६ रंग आणि ६४० बाय ४८० अशा दोन टिक आहेत.

व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघायचं, एएमडीच्या लॅपटॉपवर त्याला एसव्हीएम म्हणतात. आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर हसू नका, ते खरंच असतं, विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मधे येऊन बसलंय आणि म्हणून सगळं हळू चालतंय असा त्याचा अर्थ. पाढ्यांच्या गेमला कासवही चालतं, सोडून द्या.

एक गोष्ट मात्र नक्की करा, त्या एक्सपीचं नेटवर्क बंद ठेवा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबवले, ती इंटरनेटवर सोडायची नाही. सगळं लागलं की एक स्नॅपशॉट घ्या, पोरांनी काहीही उचकलं तरी एका क्लिकवर परत जसंच्या तसं. सीडीवर विंडोज ९५ किंवा ९८ लिहिलंय म्हणून घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच एक्सपीवर चालतात. खरोखर ९८ च लागली तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नादी लागू नका, त्यात ९८ साठी गेस्ट अ‍ॅडिशन्सच नाहीत. त्या कामाला ८६बॉक्स बरं, ते जुनं हार्डवेअरच हुबेहूब उभं करतं, पण सेटिंगला वेळ खातं.

प्रश्न: व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकली, मराठी व्याकरणाची जुनी सीडी चालतेय, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. (दादर)

उत्तर: सीडी चांगली आहे, फॉन्ट पोचलेला नाही. त्या काळी मराठी सॉफ्टवेअर युनिकोडवर, म्हणजे सगळ्या भाषांच्या आजच्या सामायिक अक्षरपद्धतीवर, नसायचं, प्रत्येक कंपनीचा स्वतःचा फॉन्ट आणि स्वतःची जुळणी, आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. तुम्ही सेटअप न करता नुसता फोल्डर कॉपी केला असणार, म्हणून फॉन्ट इन्स्टॉल झाला नाही. सीडीवर टीटीएफ फाइली (याच फॉन्टच्या फाइली) शोधा, एक्सपीच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये टाका, मशीन रीस्टार्ट करा. तरीही कचरा दिसला तर कंट्रोल पॅनलच्या रीजनल सेटिंगमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामची भाषा इंग्लिश करा. हो, मराठीसाठी इंग्लिश! हे जुने फॉन्ट आतल्या इंग्रजी अक्षरांवरच चालतात.

प्रश्न: कॉलेजात अजून टर्बो सी++ वरच प्रॅक्टिकल आहे. घरी त्यासाठी व्हर्च्युअल मशीन टाकू का? (विलेपार्ले)

उत्तर: नको रे, एवढ्याशा कामाला कशाला. जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स टाक, त्यात टर्बो सीचा फोल्डर माउंट कर (ड्राइव्ह म्हणून जोड), ग्राफिक्सच्या प्रोग्रामला टर्बो सीमधल्या बीजीआय फोल्डरचा पाथ बरोबर दे. हळू वाटलं तर कंट्रोल आणि एफ१२ दाबून वेग वाढव, एफ११ ने कमी. टर्बो पास्कलचे जुने प्रोग्राम तर वेगवान प्रोसेसरवर रनटाइम एरर २०० देऊन बंद पडतात, तिथे वेग कमी करून बघ. आणि प्रोग्राम व्हॉइड मेनने सुरू करायची सवय कॉलेजपुरतीच ठेव.

प्रश्न: माझ्याकडे एम१ मॅकबुक आहे, मुलीला माझ्या लहानपणीचे गोष्टीचे गेम दाखवायचेत. (बोरिवली)

उत्तर: आधी जुने गेम चालवणारं स्कमव्हीएम बघा. फ्रेडी फिश, पट-पट हे गेम त्यात थेट चालतात, विंडोज लागतच नाही, मूळ सीडीतल्या फाइली तेवढ्या हव्यात. त्याच्या यादीत नसलेल्या गेमसाठी यूटीएम, हे मॅकवरचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर. एम१ चा प्रोसेसर इंटेलचा नाही, त्यामुळे तिथे एक्सपी पूर्ण एम्युलेशनवर, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने नक्कल करून, चालते आणि हळू चालते. गोष्टीच्या गेमला पुरते.

प्रश्न: माझा क्लास आहे. प्रश्नसंचाचं जुनं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय उघडत नाही. नवीन पीसीला तो पोर्टच नाही. (मुलुंड)

उत्तर: सर, डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरची कुलूपकिल्लीच, आणि इथे व्हर्च्युअल मशीनचा उपयोग होत नाही. यूएसबी डोंगल असता तर मशीनच्या आत पाठवता आला असता. दुकानात यूएसबीला प्रिंटर पोर्ट जोडायची केबल मिळते ती घेऊ नका, ती फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगल तिच्यावर दिसत नाही. डोंगल तोडून देणारे भेटतील, ते बेकायदेशीर, आणि त्यांच्या फाइलीत काय येईल सांगता येत नाही. सॉफ्टवेअरवाली कंपनी चालू असेल तर यूएसबी डोंगल बदलून मागा. नसेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन प्रिंटर पोर्टवाला जुना मदरबोर्ड शोधा, एक्सपी टाका, तो पीसी या एकाच कामाला ठेवा आणि चालू आहे तोवर सगळे प्रश्न प्रिंट किंवा टेक्स्ट फाइलमध्ये काढून घ्या. क्लासच्या बाकी मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणार असाल तर मूळ प्रोग्राम धंद्यालाही फुकट आहे, पण त्याच्या एक्स्टेंशन पॅकला, म्हणजे वेगळ्या मिळणाऱ्या जोड-सोयींना, धंद्यासाठी पैसे पडतात, तो टाकू नका. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यालाही फुकट आहे.