चेन एकीकडे ढिली, दुसरीकडे ताठ

प्रश्न : माझी १०० सीसीची गाडी २२,००० किमी चालली आहे. गेल्या आठवड्यात चेन ताणून घेतली, तेव्हापासून कटकट आवाज येतो. चाक फिरवलं की चेन एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ लागते. किती ताणावी? (एक वाचक, कराड)

उत्तर : चेन ढिल्या जागी मोजून ताणली गेली असावी. मोजायचं ते सर्वांत ताठ जागी. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवा. चेनकव्हरच्या खालचं रबरी बूच काढा, बोटाने चेन वर-खाली करा आणि चाक थोडं थोडं फिरवत पूर्ण फेरा तपासा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी खेळ (चेनची वर-खाली हालचाल) लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हा खेळ ठेवायलाच हवा. दोघं बसली की मागचं चाक वर सरकतं, दोन स्प्रॉकेटमधलं (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांमधलं) अंतर वाढतं आणि चेन आणखी ताणली जाते. ती आधीच ताठ असेल तर सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो.

ताण बदलताना अ‍ॅक्सल नटाबरोबर (चाकाच्या दांड्याच्या नटाबरोबर) चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नटही ढिला करा. तो विसरला तर चाक तिरकं सरकतं. दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर नट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो, म्हणून ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा खेळ परत लावा, नाहीतर ब्रेक घासत राहील. नट आवळल्यावर चेन पुन्हा मोजा, आवळताना ताण हमखास बदलतो.

ढिल्या आणि ताठ जागेतला फरक इतका असेल की दोन्हीकडे खेळ मर्यादेत बसतच नाही, तर ताणण्यात अर्थ नाही. खात्री करायची तर ताणलेल्या चेनवर सलग २१ पिना मोजून पहिलीच्या मध्यापासून शेवटचीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. ४२८ नंबरच्या नव्या चेनमध्ये ते २५४ मिमी भरतं. २५९ च्या वर गेलं की दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण किट बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते.

प्रश्न : चेनला जळकं इंजिन ऑइल चालतं का?

उत्तर : नाही. त्यातला काजळीचा आणि धातूचा बारीक कण पिनांत शिरून घासतो. ९० नंबरचं गिअर ऑइल वापरा, दर ५०० किमीला, पावसाळ्यात त्याहून लवकर. आधी चेन रॉकेलच्या फडक्याने पुसा. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळा, आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या त्याने खराब होतात. इंजिन बंद ठेवून हाताने चाक फिरवत, खालच्या चेनच्या आतल्या बाजूला दोन्ही पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं तेल पुसा, नाहीतर त्यावर माती चिकटते.