घर बदलताय? आधी डिपॉझिट हातात ठेव

भावा, टेम्पोचं भाडं हा खर्चाचा लहान भाग. खरी ओढाताण डिपॉझिटची होते: जुना मालक परत द्यायच्या आधी नव्याला मोजावं लागतं. ते पैसे येतील या भरवशावर राहू नकोस, तेवढी रक्कम वेगळी काढ. अकरा महिन्यांचा भाडेकरार असला तरी नोंदणी लागतेच. महापालिका हद्दीत फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क निराळं. एजंटाची दलाली आधीच विचार.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या बोळात टेम्पो दारापर्यंत जाईलच असं नाही. मग हमाली वाढते, जिना असेल तर आणखी. सामान चढवण्यापूर्वीच दर ठरव. पंचगंगेच्या बाजूला तळमजला घेत असशील तर २०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना नक्की विचार.