बाँडचे साडेचार लाख भरून निघायचं की चौदा महिने थांबायचं?

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत रोबोट प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मुलीचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. कंपनीने तिला सहा आठवडे जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं, परत आल्यावर तीन वर्षं सोडायचं नाही असा बाँड, सोडलं तर साडेचार लाख. त्यातले वीस महिने झालेत. आता तळेगावची एक कंपनी बोलावतेय, सध्या हातात ४६ हजार पडतात तिथे ६८ पडतील. नोटीस दोन महिन्यांची. एचआरला सहज विचारलं तर मेलवर उत्तर आलं, "₹४,५०,००० + १८% जीएसटी = ₹५,३१,०००, रिलीव्हिंगच्या आधी जमा करावे". तिच्याकडे एफडी २.२० लाख, म्युच्युअल फंडात १.४० लाख, बाकी पीएफ. एक लोन अ‍ॅप १६ टक्क्यांनी तीन लाख द्यायला तयारच बसलंय. वडील संगमनेरहून म्हणतात आईच्या पाटल्या ठेवू गहाण, आणि रूममेट म्हणते काही भरू नको, सोमवारपासून जाऊच नको, बाँडबिंड कोर्टात टिकत नाही.

वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून सरळ अगंतुगं करतो, राग मानू नको.

आधी रूममेटचं बघू कारण सगळ्यात महाग सल्ला तिचाच आहे. एक गोष्ट खरी की कंपनी तुला जबरदस्तीने कामावर बसवून ठेवू शकत नाही, कुठलंच कोर्ट असा आदेश देणार नाही. पण पैसे मागू शकते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये हेच सांगितलंय. तिथे एका सीनियर मॅनेजरने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडून दुसरी बँक धरली, बाँडचे दोन लाख भरले पण निषेध नोंदवून भरले आणि मग परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं असं की नोकरीत असतानाच्या काळाची अशी अट म्हणजे धंदा करायला बंदी नव्हे, आणि सरकारी बँकेला परत जाहिरात काढून भरती करायला खर्च येतो. आता ती सरकारी बँक होती आणि मुद्दा भरतीच्या खर्चाचा होता, तुझी प्रायव्हेट कंपनी आणि ट्रेनिंग, त्यामुळे जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण "बाँड टिकत नाही" हे वाक्य आता कुणी डोळे झाकून म्हणू नये. आणि न सांगता गायब झालीस तर रिलीव्हिंग लेटर नाही, तळेगाववाले बॅकग्राउंड चेक करताना चाकणला फोन करणार, म्हणजे आहे ती गेली आणि येणारी पण गेली.

आता हिशेब. यात खरी गोम आहे ती तू मेलमध्ये लिहिलीच नाहीस, आणि तुझा दोष नाही, एचआरने पण लिहिली नाही. बाँडमध्ये रक्कम प्रो-राटा आहे का? म्हणजे जितके महिने राहिले तितकीच वसुली, की पहिल्या महिन्यात सोडा नाहीतर पस्तिसाव्या, साडेचार लाख म्हणजे साडेचार लाख?

प्रो-राटा असेल तर बघ. आज राजीनामा टाकलास तरी दोन महिने नोटीसमध्ये जाणार, ते पण नोकरीतच मोजले जातात, म्हणजे शेवटच्या दिवशी २२ महिने पूर्ण आणि १४ राहिलेले. ४,५०,००० भागिले ३६ म्हणजे महिन्याला १२,५००, गुणिले १४ म्हणजे १,७५,०००. एवढेच. त्या चौदा महिन्यांत तळेगावला जास्तीचे २२ हजार धरले तर ३,०८,००० मिळतात. भरून सुद्धा सव्वा लाखाच्या वर उरतात, आणि आठव्या महिन्यातच पैसे वसूल. थांबून काय वाचतं तर महिन्याला साडेबारा हजार, आणि जातात बावीस. थांबायचं कारणच नाही.

प्रो-राटा नसेल तर मात्र चित्र उलटं. साडेचार लाख भरायचे आणि चौदा महिन्यांत जास्तीचे मिळणार ३.०८ लाख, म्हणजे १.४२ लाखांचा खड्डा. त्यात अ‍ॅपचं तीन लाखांचं लोन दोन वर्षांसाठी घेतलंस तर ईएमआय साधारण १४,७०० आणि व्याजच साडेबावन्न हजार, म्हणजे हा बाँड तुला पाच लाखाला पडला आणि पगारवाढीतून तो फिटायला जवळजवळ तेवीस महिने. दोन वर्षं काम तळेगावला आणि वाढलेला पगार चाकणला! अशा वेळी गप मुदत पूर्ण करून मोकळं व्हावं, नाहीतर आत्ताच निघावं, पण "अजून पाचसहा महिने बघते मग ठरवते" हे करू नको. कारण फ्लॅट बाँडमध्ये, म्हणजे कधीही सोडा रक्कम तीच अशा बाँडमध्ये, पाच महिन्यांनी निघालीस तरी भरायचे तेवढेच आणि मधले एक लाख दहा हजार बुडाले ते वेगळेच, तेलही गेलं तूपही गेलं.

बाय द वे ते २२ हजार खरंच बावीस आहेत का ते पण तपास. चाकणला कंपनीची बस आणि कँटीन असेल आणि तळेगावला नसेल तर तीनचार हजार तिथेच जातात. हातात ६८ म्हणजे व्हेरिएबल पे धरून की सोडून? ऑफर लेटरमधलं सॅलरी ब्रेकअपचं पान काढ आणि दर महिन्याला नक्की मिळणारे आकडे तेवढेच मोज, वर्षाच्या शेवटी परफॉर्मन्सवर मिळणारे मोजू नको.

फ्लॅट असला तरी लगेच हात टेकायचे नाहीत. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. तुझ्यावर खर्च नक्की किती झाला? विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, तिथल्या ट्रेनिंग सेंटरची फी, रोजचा भत्ता, हे सगळं बिलांसकट मागायचं. ३६ पैकी २२ महिने तू त्याच शिक्षणावर त्यांची लाइन चालवलीस, म्हणजे निम्म्याहून जास्त वसूल झालेत, हा मुद्दा एचआरला समजतो, त्यांना पण कोर्टकचेरी नको असते. भांडणाच्या सुरात नाही, साध्या भाषेत लिहायचं आणि सगळं मेलवर, फोनवर नाही. फोनवर "हो हो करू अ‍ॅडजस्ट" म्हणणारा माणूस दोन महिन्यांत स्वतःच कंपनी सोडून गेलेला असतो.

आता ते ८१ हजार. जीएसटीचे. हे भरायचे नाहीत. सीबीआयसीचं, म्हणजे जीएसटी बघणाऱ्या केंद्राच्या बोर्डाचं, ३ ऑगस्ट २०२२ चं सर्क्युलर आहे, नंबर १७८, त्यात स्पष्ट लिहिलंय की मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेली बाँडची रक्कम म्हणजे कुठली सेवा विकली असं होत नाही, त्यावर जीएसटी लागत नाही. एचआरवाल्याने जुन्या टेम्प्लेटमधून उचललं असेल, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण सर्क्युलरचा नंबर टाकून उत्तर दे, बहुतेक तेवढ्यावरच गुमान काढतील.

मेलच्या शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंयस की जॉइन होताना दोन सही केलेले कोरे चेक दिलेत. अगं हे पहिल्या ओळीत लिहायचं! साडेचार लाखांपेक्षा मला त्या चेकची जास्त काळजी आहे. देणं खरंच निघत असेल आणि चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी केस होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बँकेत स्टॉप पेमेंट टाकून किंवा खातं बंद करून सुटका होत नाही. चेक बाउन्स झाल्याची नोटीस आली तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे कंपनीकडून आलेलं कुठलंही रजिस्टर पत्र न उघडता ठेवू नको, रूमचा पत्ता बदललास तर कळव. आणि पैसे भरशील त्याच दिवशी दोन्ही चेक परत घ्यायचे, चेक नंबर लिहून "परत दिले, काही येणं बाकी नाही" असं लेटरहेडवर.

पैसे कुठून काढायचे. १.७५ लाख असतील तर सरळ एफडी मोड, व्याजात थोडी पेनल्टी बसेल पण १६ टक्क्यांच्या लोनपुढे ती काहीच नाही. ४५ हजार उरतात, ते हलवू नको, नवीन ठिकाणी पहिला पगार हातात येईपर्यंत लागतील. कंपनी कदाचित शेवटचा पगार आणि रजेचे पैसे फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, धरून उरलेले मागेल, तेव्हा "अरे कमीच भरावे लागले" असं वाटतं, पण त्या महिन्यात पगार आलेला नसतो, पैसे तुझेच. फंड शेवटी, वर्षाच्या आतली इक्विटी युनिट्स विकलीस तर नफ्यावर २० टक्के टॅक्स. पीएफला हात लावू नको, आणि कुणी म्हणालं की पीएफमधून कापून घेतो तर ते त्यांना करता येत नाही, कायद्याने तो पैसा कुठल्याही देण्यापोटी जप्त होत नाही. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर कर. कंपनीला सहा हप्ते करून मागायला पण काही हरकत नाही, विचारायला पैसे पडत नाहीत.

पाटल्या कपाटातच राहू दे. वडिलांना सांग की सोन्यावरचं लोन अ‍ॅपपेक्षा स्वस्त पडतं हे खरं, फ्लॅटच निघाला आणि तरी जायचंच असं ठरलं तर तेव्हा बोलू, तोपर्यंत नाही.

तळेगाववाल्यांना बाँडचं सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर सांग, बऱ्याच कंपन्या बाय-आउट देतात, म्हणजे बाँडचे पैसे स्वतः भरतात, किंवा जॉइनिंग बोनस. तो पगारातच धरला जातो, पण नव्या टॅक्स रिजीममध्ये वर्षाची पगाराची एकूण मिळकत १२.७५ लाखांच्या आत असेल तर टॅक्स शून्य, आणि तू बोनस धरून पण आतच बसशील असं दिसतंय. फक्त बोनसच्या पत्रातली बारीक अक्षरं वाच, "एक वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण परतफेड" असं असतंच असतं. म्हणजे एका बाँडमधून सुटून दुसऱ्या छोट्या बाँडमध्ये. मला विचारशील तर चालेल, तळेगावला वर्षभर राहायचंच आहे ना, पण माहीत असून सही कर.

माझं मत सांगायचं तर प्रो-राटा असेल किंवा बोलून दोन-सव्वादोन लाखांपर्यंत खाली आणता आलं तर जा. तीनाच्या वर काही असेल आणि तळेगाववाले एक पैसा देत नसतील तर मी चौदा महिने काढले असते, कारण रोबोट प्रोग्रॅमिंगचा तीन वर्षांचा अनुभव घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला ६८ च्या वरची ऑफर मिळणं काही अवघड नाही. आणि ही सगळी आकडेमोड तुला सध्याच्या ठिकाणी कामाचा त्रास नाही असं धरून केलीये. नाइट शिफ्टचं जे अर्धवट लिहिलंयस ते जास्त असेल तर एकदीड लाखासाठी तब्येत घालवायला मी सांगणार नाही.

या आठवड्यात राजीनामा टाकू नको. एचआरला एकच मेल टाक: सही केलेल्या बाँडची कॉपी, खर्चाचा ब्रेकअप आणि शेवटच्या दिवशी निघणारी रक्कम, तीन गोष्टी. तळेगावच्या ऑफरवर सही करायची शेवटची तारीख किती आहे ते बघ आणि गरज पडली तर दहा दिवस वाढवून माग, देतात. बाँड हातात आला की त्याच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, फक्त सहीचं पान नको, ती अट बहुतेक मधल्या पानावर असते.